पाण्याच्या टाकीसाठी ‘आपोआप भेग बुजवणारं’ काँक्रीट: कुठला पर्याय कुणाला परवडेल?

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याचं शेड असो, कोल्ड स्टोरेज असो की चार मजल्यांची इमारत, कामाची सुरुवात बहुतेक वेळा जमिनीखालच्या टाकीने होते. हल्ली मालक स्वतःच विचारतात, “साहेब, ते भेगा आपोआप बुजवणारं काँक्रीट घालू या का?” कुणी यूट्यूबवर बॅक्टेरियाचा व्हिडिओ बघितलेला असतो, कुणाच्या हातात पावडरीचं पत्रक असतं. प्रश्न रास्त आहे. जमिनीखालची टाकी गळायला लागली की बाहेरून हात घालता येत नाही, आणि जत-कवठेमहांकाळकडे टँकरने आणलेलं पाणी मातीत मुरताना बघणं मालकाला परवडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाजारात जे ‘सेल्फ-हीलिंग’ म्हणून विकलं जातं त्यातलं थोडं खरंच उपयोगी आहे. पण सगळ्यात भरवशाचं सेल्फ-हीलिंग साध्या काँक्रीटमध्येच असतं, आणि आपण ते ढिसाळ कामाने घालवतो. ते आधी वसूल करा, मग पावडरीचा विचार करा.

तुलना हवेत राहू नये म्हणून एक टाकी धरू. आतून ६ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, पाण्याची उंची २.४ मीटर, म्हणजे साधारण ५० हजार लिटर. भिंत २०० मि.मी., तळ २५० मि.मी. भिंती आणि तळ मिळून सुमारे १६ घनमीटर काँक्रीट.

पर्याय कुठलाही असो, भेगेबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: ती रुंद किती, ओली राहते का, आणि हलते का. या तिन्हींची उत्तरं सोयीची नसतील तर जगातलं कुठलंही सेल्फ-हीलिंग काँक्रीट ती भेग बुजवणार नाही. काळ्या मातीवर बसलेल्या टाकीची भिंत पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे झुकत असेल, तर तिथे आधी माती काढून मुरूम भरणं आणि पाया नीट करणं हाच इलाज.

साधं काँक्रीट, पण शिस्तीचं

सिमेंटचे सगळे कण पहिल्या महिन्यात पाणी पीत नाहीत. काही कोरडेच राहतात. पुढे भेग पडून पाणी आत गेलं की ते जागे होतात. शिवाय काँक्रीटमधला चुना पाण्यात थोडा विरघळून भेगेच्या तोंडाशी येतो, कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि फट भरते. नव्या टाकीच्या भिंतीवर आधी ओलीची रेघ, मग तिच्यावर पांढरी क्षाराची रेघ, आणि दोन-तीन आठवड्यांनी रेघ तशीच पण ओल गायब, हे साइटवर वावरलेल्या प्रत्येकाने बघितलेलं असतं. त्याला काही पैसे पडत नाहीत. वाई-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत घाणीवर मळलेला चुना वापरत, त्यातही बारीक भेगा अशाच भरतात. रोमन काँक्रीटचं टिकाऊपण याच दिशेचं असल्याचं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मंडळींनी २०२३ साली मांडलं. कळीच्या चुन्याचे पांढरे खडे मिश्रणात राहून जातात आणि भेगेत पाणी शिरलं की तेच विरघळून ती भरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या प्रयोगात अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत बंद झाली.

आपल्या नेहमीच्या सिमेंटची मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. ०.१ मि.मी.पर्यंत खात्री, ०.२ पर्यंत आशा, पुढे काही नाही. युरोपात हे हिशेबात धरतात. पाणी साठवणाऱ्या बांधकामांच्या त्यांच्या संहितेत, ईएन १९९२-३ मध्ये, पाण्याची उंची भिंतीच्या जाडीच्या ५ पट असेल तर ०.२ मि.मी.ची आरपार भेग चालते आणि ३५ पट असेल तर ०.०५ मि.मी.; मधलं प्रमाण असेल तर सरळ रेषेने काढायचं. आपल्या टाकीत २.४ मीटरला ०.२ ने भागलं की १२ येतात, म्हणजे मर्यादा साधारण ०.१६ मि.मी. तिच्या आत भेग ठेवली तर ती आपोआप बंद होईल असं समजून चालतात, पण ती फार उघडझाप करणारी नसावी ही अट सोबत आहेच. आपल्याकडचं तसंच मानक, आयएस ३३७०, अशा टाकीला किमान एम ३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात क्रश सॅण्डमधली ओलही आली. साइटवर मिक्सरवाला डबा मोजतो का, हे एकदा उभं राहून बघा.

भेग बारीक ठेवायची कशी? १२ मि.मी.च्या सळया २०० मि.मी. अंतरावर टाकल्या तर मीटरला ५६५ चौरस मि.मी. स्टील होतं. १० मि.मी.च्या सळया १४० वर टाकल्या तर ५६१. स्टील जवळजवळ तेवढंच, बिल तेवढंच, फक्त बांधणाऱ्याला गाठी जास्त माराव्या लागतात आणि तो कुरकुरतो. पण भेगा संख्येने वाढून रुंदीने कमी होतात. भेगेतून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. रुंदी निम्मी केली तर गळती आठव्या हिश्शावर येते. ०.३ ची भेग ०.१ वर आणली तर सत्ताविसाव्या हिश्शावर! कुठलीही पावडर इतकं देत नाही.

मग राहतं पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. उभ्या भिंतीला गोणपाट बांधून किमान १४ दिवस ती ओली ठेवायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत दुपारी दोन वाजता भरलेली भिंत आतून तापते आणि नंतर थंड होताना आकसते, पण आधी घट्ट झालेला तळ तिला आकसू देत नाही. म्हणून तळापासून वर जाणाऱ्या, ठरावीक अंतरावरच्या उभ्या भेगा पडतात. भिंत संध्याकाळी भरा. तळ आणि भिंत यांच्यात महिना-महिना जाऊ देऊ नका.

या पर्यायाचा दोष एकच. तो माणसांवर अवलंबून आहे, आणि ठेकेदाराची माणसं रोज बदलतात.

क्रिस्टलाइन पावडर

आज सांगलीत बसून मागवता येईल आणि ज्यावर पैसे घालावेत असं मला वाटतं, ते हे. पावडर काँक्रीटमध्येच मिसळतात. ओल मिळाली की तिच्यातली रसायनं सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून सुईसारखे, न विरघळणारे स्फटिक बनवतात आणि ते बारीक छिद्रं आणि भेगा भरतात. वर्षभराने नवी भेग पडून तिथे पाणी पोचलं तर पुन्हा तेच होतं. विक्रेते साधारण ०.४ मि.मी.पर्यंतच्या भेगेचा दावा करतात. मी डिझाइन करताना ०.२ च्या पुढे एक पैशाचंही श्रेय देत नाही, आणि ताकदीच्या गणितात तर शून्य. प्रयोगांतही पाण्यात बुडवून ठेवलेले नमुने चांगले बुजतात आणि नुसत्या दमट हवेतले जेमतेम. म्हणून ती तळाला आणि भिंतीला घालायची; टाकीवरच्या झाकणाच्या स्लॅबला नाही. गच्चीच्या स्लॅबसाठी कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. गच्ची आठ महिने कोरडी असते आणि रोज दुपारी फुगून रात्री आकसते. तिथे नीट केलेला कोबा किंवा मेम्ब्रेनच (पाणी अडवणारं आवरण) बरं.

खर्चाचं गणित घरी करता येतं. प्रमाण उत्पादनाप्रमाणे सिमेंटच्या वजनाच्या ०.८ ते २ टक्के. आपल्या १६ घनमीटरला घनमीटरमागे ३८० किलो धरलं तर सिमेंट साधारण १२० पोती. एक टक्क्याने पावडर ६० किलो. किलोचा भाव विचारा, ६० ने गुणा, आणि तो आकडा जुन्या टाकीची गळती काढायला आलेल्या माणसाच्या कोटेशनशेजारी ठेवा. बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो.

पिण्याच्या पाण्याला चालतं असं प्रमाणपत्र मागून घ्या. फक्त ‘वॉटरप्रूफिंग कंपाउंड’ म्हणून मिळणारी बाटली आणि क्रिस्टलाइन पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाटली छिद्रं अडवण्याचं किंवा पाणी झिडकारण्याचं काम करते. नंतर पडलेल्या भेगेबद्दल तिला काही करता येत नाही. टाकी जुनी असेल तर हेच क्रिस्टलाइन रसायन स्लरी (पातळ लेप) करून आतून ब्रशने लावता येतं, पण आधीचा गिलावा पूर्ण उतरवून काँक्रीट उघडं करायची तयारी ठेवा. गिलाव्यावर लावलेली स्लरी वाया जाते.

आणि हनीकोंबला, म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्यांना, औषध नाही. व्हायब्रेटर न फिरवल्याने सळईमागे खडी उघडी राहिली, शटरिंगच्या आरपार घातलेल्या पाइपची भोकं नुसती सिमेंटने लिंपली, तळ-भिंतीच्या सांध्यात वॉटर स्टॉपर (पाणी अडवणारी पट्टी) घातलाच नाही, किंवा तो काँक्रीट ओतताना आडवा पडला, तर त्या जागा मिलिमीटरमध्ये मोजायच्या नसतातच. टाक्या बहुतेक तिथूनच गळतात.

बॅक्टेरियाचं काँक्रीट

बातम्यांत सगळ्यात जास्त हे येतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी यावर बरंच मूलभूत काम केलं. बॅसिलस जातीचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये ठेवायचं. भेग पडून पाणी आणि हवा आत गेली की जिवाणू जागे होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार करतात. कल्पना फार सुंदर आहे, त्यात वाद नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणू असलेल्या नमुन्यांत ०.४६ मि.मी.पर्यंतच्या भेगा बुजल्या, नुसत्या नमुन्यांत ०.१८ पर्यंतच्या.

या दोन आकड्यांकडे मालकाने जरा वेळ बघावं. बॅक्टेरियाने अडीच पट काम केलं, हे खरं. पण नुसत्या मिश्रणानेही ०.१८ पर्यंत मजल मारली, आणि आपल्या टाकीची मर्यादा ०.१६ आहे. म्हणजे सळई नीट टाकून भेग मर्यादेत राखली असेल तर या टाकीला बॅक्टेरियाची गरज लागत नाही. राखली नसेल आणि भेग अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर ते १०० दिवसांतही पुरे पडणार नाहीत. मधला पट्टा अरुंद आहे आणि त्यासाठी खर्च मोठा.

आणखी दोन अडचणी. बीजाणू उघडेच मिसळले तर काँक्रीट घट्ट होताना छिद्रं लहान होत जातात, त्यात ते चिरडतात आणि काही महिन्यांत संपतात. म्हणून त्यांना भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांत किंवा तसल्याच वेष्टनात घालावं लागतं. अशा गोळ्या खडीच्या जागी जास्त प्रमाणात घातल्या तर ताकद घटते. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या महाविद्यालयीन प्रकल्पांची. त्यांतले बरेचसे युरिया फोडणारे जिवाणू वापरतात, कारण ते झपाट्याने चुनखडी बनवतात. पण त्या क्रियेत अमोनिया तयार होतो. प्रयोगशाळेतल्या क्यूबला ते चालेल, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला नको. मुलांनी प्रकल्प जरूर करावा, फक्त मालकाने आपली टाकी त्यांना प्रयोगासाठी देऊ नये.

बोगदा, समुद्रातलं बांधकाम, जिथे पुन्हा जाऊन दुरुस्ती करणं जवळपास अशक्य आणि पाणी कायम, तिथे हा पर्याय उद्या नक्की जागा घेईल. तिथे दर घनमीटरचा भाव दुय्यम असतो.

कॅप्सूल आणि बाकी मंडळी

२००१ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट यांच्या गटाने इपॉक्सीत द्रवाच्या सूक्ष्म कॅप्सूल घालून दाखवल्या. भेग गेली की कॅप्सूल फुटते, द्रव पसरतो, उत्प्रेरकाला भेटून घट्ट होतो. तडा जाण्याला असलेला विरोध ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळाला. पण एका जागची कॅप्सूल एकदाच फुटते. विमानाचे कॉम्पोझिट भाग, महागडे रंगलेप यांसाठी ठीक. टाकीच्या बाबतीत पुढचं पान उलटा.

गंमत अशी की स्वतःला सावरणाऱ्या वस्तू आपण कधीपासून वापरतो आहोत आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. पंपाच्या पेटीतला रनिंगचा कॅपॅसिटर घ्या. त्यात प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. एखाद्या ठिकाणी फिल्म फुटून स्पार्क झाला की त्या ठिपक्याभोवतीचा धातू वाफ होऊन उडतो, दोष वेगळा पडतो आणि कॅपॅसिटर चालूच राहतो. मात्र दर वेळी त्याची क्षमता (मायक्रोफॅरड) किंचित घटते, म्हणून काही वर्षांनी मोटर उचल घेईनाशी होते. जीआय पत्र्याला ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम, जे १०.५ टक्क्यांच्या वर असतं, ओरखड्यावर हवेतल्या ऑक्सिजनने लगेच नवा पापुद्रा धरतं. तिन्ही ठिकाणी डिझाइन करणाऱ्याने दुखापत किती लहान असेल हे आधी ठरवलेलं आहे. जस्त ओरखडा सांभाळतं, पत्र्याला पडलेलं भोक नाही. काँक्रीटच्या बाबतीत मात्र आपण पत्रक वाचतो आणि हे विसरतो.

नंतर ग्राउटिंग करू, हा चौथा पर्याय

आत्ता काही नको, गळलं तर भेगेत रसायन भरून (ग्राउटिंग करून) बघू, असं म्हणणारेही असतात आणि ते अगदी चुकीचे नसतात. वाहती गळती असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन. पाणी लागलं की ते फुगतं. भेग कोरडी, स्थिर आणि ताकदीशी संबंधित असेल तर इपॉक्सी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या उंच मोनोलिथना (भिंतीच्या उभ्या खंडांना) आडव्या भेगा गेल्या, तेव्हा इपॉक्सी भरलं, प्रीस्ट्रेसच्या केबल ओढल्या आणि पुढे मागून बट्रेस (टेकू) देऊन तो भाग जाड केला. धक्क्याने तडकलेल्या बांधकामाला माणसानेच ताकद परत द्यावी लागते, ते काम भेगेत साठणाऱ्या चुन्याचं नव्हे. उघड्यावरच्या, चारी बाजूंनी फिरता येणाऱ्या टाकीला ‘नंतर बघू’ चालतं. पार्किंगखाली गाडलेल्या टाकीला नाही, कारण तिथे फक्त आतून, टाकी रिकामी करून काम करावं लागतं आणि तेवढे दिवस इमारत टँकरवर.

नदीकाठच्या भागात असाल तर एक वेगळीच आठवण ठेवा. २०१९ सारखा पूर आला आणि गाडलेली टाकी रिकामी असली, तर बाहेरचं पाणी तिला खालून उचलू बघतं. तिचं वजन त्याला पुरतं का हे डिझाइनरला विचारा. त्याला पावडर उपयोगाची नाही.

शेततळ्याचं काय?

हा प्रश्न टाकीच्या मागोमाग येतोच. तिथे प्लास्टिकच्या कागदाला पर्याय म्हणून बेंटोनाइटचं अस्तर सुचवतात, दोन कापडांमध्ये फुगणारी माती. लहान भोक पडलं तर माती फुगून ते बंद करते, हे खरं. पण वर फूटभर मातीचा दाब लागतो, आणि आपल्या तळ्यांच्या उभ्या उतारावर ती माती टिकत नाही. त्यातून तळं उन्हाळ्यात आटतं, बेंटोनाइट वाळून तडकतं. चुनखडीच्या जमिनीतलं किंवा जड पाण्यातलं कॅल्शियम एकदा त्यात शिरलं की पुढच्या वर्षी ते पहिल्यासारखं फुगत नाही. जत-आटपाडीकडे मी ५०० मायक्रॉनचा कागदच घालायला सांगेन. कुत्र्याच्या नखांनी भोक पडेल, पण ते दिसतं आणि गरम करून चिकटवता येतं. भोवती कुंपण घाला.

मग आपल्या ५० हजार लिटरच्या टाकीला काय? गाडलेली असेल आणि नेहमी भरलेली राहणार असेल, तर जवळ-जवळ सळया, वॉटर स्टॉपर, १४ दिवसांचं क्युरिंग आणि तळ-भिंतीला क्रिस्टलाइन पावडर. उघड्यावरची असेल तर पावडर वगळा आणि त्या पैशात साइटवर एक जाणता सुपरवायझर ठेवा. रोज रिकामी होऊन रोज भरणारी असेल तर सळया आणखी जवळ घ्या, कारण भेग रोज उघडझाप करणार आणि आपोआप बुजण्यावर तिथे विसंबता येत नाही.

टाकी झाल्यावर पहिल्यांदा भरताना एका दमात काठोकाठ भरू नका. थोडं-थोडं चढवा आणि ओलीची रेघ दिसली म्हणून दुसऱ्याच दिवशी ड्रिल घेऊन चढू नका. खडूने कडा आखा, तारीख लिहा, दोन-तीन आठवडे द्या. रेघ आखल्याच्या बाहेर पसरत असेल किंवा पाणी ठिबकत असेल तरच ग्राउटिंगवाल्याला फोन. आणि पावडर आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीत टाकणार असाल तर कोरडी ओतू देऊ नका, तिचे गोळे होतात. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे पाण्यात कालवून ड्रममध्ये जावी आणि ड्रम काही मिनिटं वेगात फिरावा. तेव्हा आपला माणूस गाडीपाशी असू द्या आणि रिकाम्या पिशव्या मोजून घ्या.